मार कोणी खाल्ला

लहानपणी रविवारची उपासना संपली की आम्हा पोरांचे हाल सुरू व्हायचे. बाबा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, धर्माची प्रश्नोत्तरी शिकवायचे. ख्रिस्ती शिक्षण पक्कं असलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि उत्तर चुकलं की गालावर पाच बोटं. मला त्या प्रश्नांचा मनस्वी राग होता. कॉलेज संपवून गावी परतले तेव्हा आमच्या चार घरांच्या मंडळीत बाहेरचा एक उपदेशक येऊ लागला होता. तो रडवायचा, नाचवायचा, प्रत्येक आजार म्हणजे सैतान म्हणायचा. पाठांतराची कटकट नाही. मला तो फारच पटला.

त्या वर्षी बोंडअळीने कपाशी पोखरली होती. माझा धाकटा भाऊ डोक्याएवढ्या पऱ्हाटीत आठवडाभर औषध फवारत होता. एका दुपारी तो शेतातून आला तो भेलकांडतच. तोंडाला फेस, डोळ्यांना धार, अंगाला झटके. बाबा महागावला गेले होते. दवाखान्यात न्यायचं सोडून मी उपदेशकाला बोलावलं. मीच, दुसऱ्या कोणी नाही.

"याच्यात शैतान बसून राह्यला. पाय धर, बाई."

मी भावाच्या पायांवर बसले. उपदेशकाने कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका छातीवर, दुसरा तोंडावर. भुवई फाटली, रक्त कानात गेलं. तो "निघ, निघ" ओरडत मारत होता आणि मी "हालेलुया" म्हणत होते. भाऊ ओकला तसा उपदेशकाने त्याच्या पोटात गुडघा रोवला. औषधाने भिजलेला शर्ट भावाच्या अंगावर तसाच होता. माझे हात चुरचुरत होते, ते मला पवित्र आत्म्याचं काम वाटलं. इतकी मी मूर्ख.

तेवढ्यात बाबा आले. मानगूट धरून त्यांनी उपदेशकाला भिंतीवर आदळलं, त्याचं नाक फुटलं. मग माझे केस धरून मला उठवलं.

"मार कोनं खाल्ला? सांग!"

"ख्रिस्तानं."

"कोनासाठी?"

"आपल्यासाठी."

"कितीदा?"

"एकदाच."

"मंग माह्या पोराले काहून मारून राह्यले?"

उत्तरं सगळी बरोबर होती, तरी थोबाडीत बसली. आयुष्यात ती एकच मला कमी वाटली. बाबांनी भावाचा शर्ट टराटरा फाडला, अंगावर बादल्या ओतल्या आणि शेजाऱ्याच्या जीपमधून त्याला यवतमाळला नेलं. तो वाचला. मी उत्तर पाठ केलं होतं, त्यावर विश्वास ठेवला नव्हता. एवढ्या फरकाने माझा भाऊ मेला असता.

बाबा गेल्यापासून प्रश्नोत्तरी भाऊच शिकवतो, पोरांना बोट न लावता. परवा वर्ग सुटल्यावर मी त्याच्या भुवईवरच्या व्रणाकडे बघत राहिले. त्याच्या लक्षात आलं.

"पट्टा नाही आठवत मले, ताई," तो म्हणाला. "तू पायावर बसली होती, थे आठवते."