ज्याले हाक समजते
आधीच सांगते, मी भूत-भानामती मानणारी बाई नाही. बी.एस्सी. झालेली आहे. दाराला टांगलेली लिंबू-मिरची दिसली तर सरबत आणि ठेचा आठवतो मला. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय… पण झालं ते झालं.

मी सोनाळ्याची सून. ट्रेनिंग घेऊन दोन वर्षांपासून फवारणीचा ड्रोन चालवते — सहा पंख्यांचा, दहा लिटरच्या टाकीचा. माझे सासरे, म्हणजे मामाजी, यांचं आणि ड्रोनचं पहिल्या दिवसापासून वाकडं. त्यांचा लाडका बैल शेंद्र्या गेला आणि त्याच महिन्यात हा घरात आला ना! यंदा पोळ्याला मी ड्रोनला हळद-कुंकू लावायला निघाले, तर ताटच काढून घेतलं.

"ज्याले हाक समजत नाही, त्याची पूजा कायले करतं वं?"

पोळ्यानंतर पंधराएक दिवसांनी आमच्याच वावरात तुरीवर फवारणी होती. भर दुपार. मी रस्त्याकडेला गाडीजवळ उभी, ड्रोन तिथूनच उडवलेला. मामाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझ्या चुका काढायला. पलीकडे कपाशी निंदणाऱ्या बाया कडुलिंबाखाली जेवायला बसल्या होत्या आणि त्यांत माझ्या सासूबाई.

अचानक खर्रर्र आवाज आला. एक मोटर बंद! ड्रोन तिरपा झाला आणि खाली येत येत सरळ कडुलिंबाकडेच निघाला. रिमोटवर लाल अक्षरं — सिग्नल गेला. मी बटणं दाबतेय, दांड्या ओढतेय… काही नाही. उरलेले पाच पंखे गरगर फिरतायत आणि समोर सासूबाई, पाठमोऱ्या, भाकर मोडत बसलेल्या.

"आत्याबाई, उठा! पळा!" मी जीव खाऊन ओरडले. पण त्या घरघरीत माझा आवाज कुठं पोचतोय? ज्या बाईनं मला ट्रेनिंगला जा म्हणून घरातून ढकललं, तिच्याच अंगावर मी हे सोडलंय, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात धुऱ्यावरून मामाजी गरजले, "हो… हो! फिर मांगं, शेंद्र्या! फिर बे!"

आणि तो फिरला. आईशप्पथ, फिरला! चांगला मोठा वळसा घेऊन, लंगडत लंगडत आला आणि मामाजींच्या पुढ्यात उतरला. मामाजी हात वर करून "हो, हो" म्हणाले, अन् पंखे थांबले.

सासूबाई तेव्हा कुठं वळल्या. "काऊन बोंबलून राह्यले? चटणी पाह्यजे काय?"

मी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडले आणि भोकाड पसरलं. त्यांना वाटलं, मामाजी काहीतरी बोलले. मग मामाजींनाच झापलं.

खामगावच्या मेकॅनिकनं ड्रोन तपासला. "मॅडम, सिग्नल गेला की हा आपोआप उडाला त्या जागी परत येतो. त्यात काय विशेष?"

"मग गाडीजवळ यायला पाहिजे होता ना दादा? धुऱ्यावर कसा आला?"

त्यानं रेकॉर्ड उघडलं. वळायचा हुकूम कुठूनच आलेला नव्हता, पण ड्रोन वळलेला दिसत होता. डोकं खाजवलं, दोनदा चहा घेतला, नवीन मोटर बसवून दिली. धुऱ्यावर त्याच जागी आम्ही शेंद्र्याला पुरलंय, हे मी त्याला सांगितलंच नाही. बिचारा आधीच गोंधळला होता.

योगायोग असेल, वारा असेल, मशीनची काही खोड असेल. मला अजून तरी उत्तर सापडलेलं नाही. इथं कुणी जाणकार असेल तर जरूर समजवा.

आमच्या घरी मात्र कुणाला प्रश्नच पडलेला नाही. ड्रोन दुरुस्त होऊन आला त्या दिवशी मामाजींनी पेटीतून शेंद्र्याची घुंगरमाळ काढली आणि सासूबाईंना पुरण शिजवायला लावलं.

"मामाजी, पोळा तर होऊन गेला ना!"

"याचा राह्यला होता," ते म्हणाले, आणि हातात पुरणपोळीचा घास घेऊन ड्रोनभोवती फिरायला लागले.

"पोरी, याचं तोंड कोन्या बाजूनं हाये वं?"