हाताची खबर

दुपारचं जेवण झालंय, पंखा एकसुरी फिरतोय, आणि केतकी मुळीकचे डोळे संगणकासमोरच जड होतायत. पाचपर्यंत प्रबंधाची आकडेवारी पाठवायची आहे. मेंदूतून निघालेला संदेश स्नायूपर्यंत कसा पोचतो, याचं गणित तिने बांधलंय. तेवीस जणांना ते चपखल बसतं. चोविसाव्या मिरजेच्या जैतूनबी मणेर. बांगड्या भरण्यात हयात गेली, मग उजव्या हातावरून वारं गेलं. डोक्याला तारांची टोपी, हाताला संदेश टिपणाऱ्या चकत्या लावून रबरी चेंडू दाबायला त्या महिनाभर प्रयोगशाळेत येत होत्या. नंतर अचानक वारल्या. त्यांच्या नोंदींत निम्म्या वेळा आधी स्नायू बोलतो, मेंदू मागून.

"वायर सैल असणार," तिचे मार्गदर्शक तामसकर सर सकाळी म्हणाले होते. "काढून टाक त्यांना."

केतकीचं बोट त्या नावावर थांबतं. पापण्या मिटतात.

"काढतीस व्हय गं मला?"

समोरच्या खुर्चीत जैतूनबी बसल्यात. डोक्यावर टोपी नाही, पदर आहे. त्या वारल्याचं केतकीला आठवतंय, पण त्यात वावगं काही वाटत नाही.

"मावशी, तुमचे आकडे जुळत नाहीत."

"माझं जुळंनात का तुझं?"

भिंतीवरच्या वायरींना हिरव्या बांगड्या लगडल्यात. टेबल कुठलं, ही तर दुकानाची फळी. जैतूनबी तिचा हात ओढून घेतात.

"ढिला सोड."

"सोडला."

"डोक्यानं सोडलास. हाताला कुठं पत्ता हाय?"

त्या अंगठ्याखालचा उंचवटा चेपतात. काचेची बांगडी सांध्याशी येऊन अडते. केतकी श्वास रोखते.

"आता सांग, कोण कुणाला सांगतंय?"

"तुमचा मेंदू तुमच्या हाताला. दाब म्हणून."

"खुळी! तुझं हाड माझ्या बोटास्नी सांगतंय, थांब. बोटं डोक्याला कळवत्यात. मग डोकं म्हणतंय, बरं, जरा फिरीव. पन्नास वरसं काच भरली, एका पोरीचं रगत काढलं न्हाई. ते काय नुसतं हुकूम सोडून?"

आता मांडव आहे. हात पुढे करून माणसं रांगेत उभी आहेत, आणि केतकी प्रत्येक हात ओळखते. तेवीसच्या तेवीस.

"ह्यांनी तुझा रबरी चेंडू चेंडू म्हणून दाबला," जैतूनबी म्हणतात. "मी काच समजून धरला."

"आणि माझ्या गणितात एकच बाण आहे. वरून खाली."

"मग परतीचा काढ की!"

काच सांध्यावरून सर्रकन आत जाते.

केतकी जागी होते. चारला वीस कमी. ती तोंडसुद्धा धूत नाही. हातापासून मेंदूकडे येणारी वाट ती गणितात घालते आणि सगळ्या नोंदी पुन्हा चालवते. पडद्यावर जैतूनबींची रेघ आणि गणिताची रेघ एकमेकींना चिकटून धावू लागतात. बाकी तेवीस जणांचंही गणित थोडं सुधारतं.

सर दारात येतात. "काढलंस?"

"नाही सर. चोवीसच राहतील. वायर सैल असती तर महिनाभर एकाच चालीनं चूक झाली नसती. बसा, दाखवते."

सर चष्मा लावून बराच वेळ पाहतात. मग मान डोलवतात.

"हाताला काय झालं गं?"

केतकी खाली पाहते. अंगठ्याच्या सांध्यावरून लालबुंद वळ उठलाय, तंग बांगडी नुकतीच चढवल्यासारखा.