पुराआधी येणाऱ्या सिस्टर

आपल्या पलूसच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर कुठल्याही बाईला "कशा आहात?" असं विचारत नसत. बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत कुणी जड पावलांची दिसली की प्रश्न एकच, "कितवा?" सवयीने एकदा मलाही विचारून बसल्या. मी म्हणाले, "सत्त्याहत्तरावा." "मग जपा, जड उचलू नका," म्हणत त्यांनी स्कूटी काढलीसुद्धा.

पोरांनो, तुम्ही दोघं परवा फोनवर म्हणालात, "महापूर आला तर तुमच्या त्या सरकारी दवाखान्याचं काय होणार?" म्हणून या सिस्टरांविषयी लिहिते आहे.

मागायला लाजायचं नाही, हा त्यांचा बाणा. औषध संपलं की शेजारच्या दवाखान्याला फोन, तिथे नसेल तर त्याच्या पलीकडच्याला. "आपल्याकडं नाही म्हणजे कुणाकडंच नाही, असं नसतं आजी," असं म्हणायच्या. पलीकडच्याने थोडी टंगळमंगळ केली, की "चहा नंतर प्या, आधी माणूस पाठवा," असा दम भरायच्या.

धरणातून पाणी सोडणार असं कळलं की गावं आधी म्हशी हलवतात. सिस्टर आधी दिवस भरत आलेल्या बायका दवाखान्यात हलवायच्या. त्या मोठ्या पुराच्या वर्षी सगळ्या वेळेत आल्या, नदीकाठची सविता तेवढी राहिली. सासू सोडेना. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय सून धाडायची नाही, हा तिचा हेका. सविताचा भाऊ सैन्यात. त्याला रजा मिळाली नव्हती.

"आजी, एक खण आणि नारळ द्या आणि तुम्हीही चला," सिस्टर म्हणाल्या. "पांढऱ्या केसांपुढं सासवा जरा नरमतात."

आम्ही पोचलो तेव्हा पाणी खालच्या उसात शिरलं होतं. सासूबाई दारातच उभ्या. "आवं, रीतभात हाय का न्हाई? मुराळ्याबिगर सून धाडली तर गाव काय म्हणंल?"

सिस्टरांनी वाद घातला नाही. रुग्णवाहिकेच्या रहीमला हाक मारली. "उतर रे. हा खण-नारळ घे. आज तू हिचा मुराळी."

"मी व्हय?" रहीम गांगरला.

"मग कोण? भाऊ सीमेवर उभा, तू इथं उभा. दोघंही सरकारीच."

सासूबाईंनी रहीमला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मुराळी बिनचहाचा धाडत न्हाई आमी," आणि सरळ चुलीकडे वळल्या. तिकडे पाणी रस्त्याला टेकत होतं.

"मामी, थर्मासात घाला," सिस्टर म्हणाल्या. "मुराळी गाडीत पील."

सविताच हसत थर्मास घेऊन पहिली गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला मुलगी झाली. बाळ ठणठणीत, पण सविताचा रक्तस्राव आवरेना. सांगलीचा रस्ता पाण्याखाली होता. डॉक्टर आणि सिस्टर तिच्यापाशी, आणि सिस्टरांच्या खांद्याशी फोन धरून एक कर्मचारी उभा. सिस्टरांचे हात सविताच्या पोटावर, तोंड फोनकडे. साताऱ्याहून रक्ताच्या पिशव्या निघाल्या, उंब्रजला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत आल्या, ती दुसरी गाडी रहीमची. पिशव्या धाडणाऱ्या साताऱ्याच्या माणसाने सविताला कधी पाहिलंही नव्हतं. बाहेरच्या बाकावर सासूबाई माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. रहीम पेटी घेऊन धावत आला तेव्हा त्या उठून भिंतीला चिकटल्या, त्याला वाट मोकळी करून द्यायला.

सविता वाचली.

गेल्या वर्षी सिस्टरांची साताऱ्याला बदली झाली. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि नव्या सिस्टरांना नळ कुठून गळतो ते दाखवून गेल्या. खरं सांगते, मला धास्ती वाटली होती. नवी मुलगी हुशार, पण वयाने लहान.

यंदा धरणातून पाणी सोडण्याची बातमी आली त्या सकाळी मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले. रहीमची गाडी केव्हाच नदीकडे गेली होती. बाहेरच्या बाकावर सविताची सासू बसली होती, शेजारी अवघडलेली धाकटी सून, पायाशी कपड्यांचं गाठोडं.

नव्या सिस्टर लगबगीने आल्या. "मावशी, तुमच्याकडंच गाडी पाठवलीय. तुम्हाला कुणी बोलावलं?"

"पाणी वाढाय लागलंय ते दिसतंय की. बोलवाय कशाला लागतंय?"

"आणि हिचं कितवं?"

"पहिलंच," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर लवकर आणली. तुमी खोली उघडा आधी."