भर दुपारचं बंद दार

ईशान, मैथिली,

केळशीहून आमचं सामान टेम्पोत चढलं, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमच्या माईआजी, घरापुढच्या खळ्यात उभ्या होत्या. आजोबांच्या हृदयासाठी डॉक्टर जवळ हवा, म्हणून आम्ही रत्नागिरीला निघालो होतो. "तू जा गो. माझं काय, मी आहे इथे," एवढंच त्या म्हणाल्या. मी टेम्पोतून मागे वळून बघितलं नाही.

इथलं घर तुमच्या बाबाने आखलं. दक्षिणेला मोठ्या काचा, त्यांवर रुंद छज्जा, बाकी चिऱ्याच्या जाड भिंती. डिसेंबरात तुम्ही येता तेव्हा ऊन थेट पलंगापर्यंत येतं. उन्हाळ्यात मात्र शिस्त लागते. रात्रभर सगळं उघडं ठेवायचं, वरचे झरोकेसुद्धा. ऊन चढायच्या आत खिडक्या-दारं लावून बांबूचे पडदे सोडायचे. मला शिस्त आवडते. एसीशिवाय घर गार राहतं, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे.

केळशीच्या घरावर कौलं जाऊन पत्रे आले. दुपारी आत बसवत नाही, असं माई फोनवर म्हणायच्या. मी दर वेळी या म्हणायची, त्या बघू म्हणायच्या.

यंदा एप्रिलात संध्याकाळी दार उघडलं, तर पायरीवर माईंच्या जुन्या लुगड्याची पिशवी. आत फणसाची सांदणं, उन्हाने आंबलेली. आजोबा आणि मी दुपारभर पंख्याशिवाय गाढ झोपलो होतो. वीज गेलेली, त्यामुळे बेल वाजली नाही, आणि दुहेरी काचांतून हाक आत येत नाही.

केळशीत पुढचं दार उजाडल्यावर उघडतं ते रात्रीची जेवणं होईपर्यंत उघडंच. दिवसा ते लावलेलं दिसलं की माणसं परगावी गेली, असं समजायचं. माईही तसंच समजून उलट पावली एसटी स्टँडवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी फोनवर त्या हसल्या. "गारवा बाहेर जाऊ नये म्हणून माणसं बाहेर ठेवतेस होय गो?" मग म्हणाल्या, "राहायलाच आले होते. चार लुगडी घेतली होती."

मी पुन्हा या म्हटलं. आता एवढा प्रवास झेपायचा नाही, म्हणाल्या. गाडी पाठवते म्हटलं, तर बघू.

तेव्हापासून पुढचं दार मी दिवसभर उघडं ठेवते. हॉल तापतो. व्हिडिओ कॉलवर बाबा भिंतींचं गणित समजावतो आणि मी मान डोलावते. माई अजून आलेल्या नाहीत. तुम्ही विचारता, आजी, तुझं घर कोणतं? गार झोप लागते तेच घर, असं मी समजत होते. आता दुपारी झोप येत नाही. दारात खुर्ची टाकून बसते, आणि फाटकाशी रिक्षा थांबली की उठून बघते.