आम्ही पाडलेला तट आणि सुभाषकाका

सुभाषकाका गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी आयरिश राजधानीतल्या ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात, कामाच्या वेळात, चोरून पत्रक लिहीत होते. ‘किल्ला कुणाच्या बापाचा?’ हे शीर्षक. काकांनी ते पहिल्या ओळीतच खोडलं असतं...

काका तिथल्याच टॅला उपनगरातल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मूळचे रेवदंड्याचे. कॉर्कच्या किनाऱ्यावरच्या त्या पडक्या किल्ल्यात आम्हाला पहिल्यांदा नेलं ते त्यांनीच. चारशे वर्षांपूर्वी इंग्रजांशी लढणाऱ्या आयरिश लोकांच्या मदतीला स्पॅनिश फौज आली, बंदराच्या तोंडाशी तटामागे ठाण मांडून बसली आणि हरल्यावर तह करून घरी गेली, असं काका सांगत होते. “आणि गावकरी?” मी विचारलं. “ते कुठे जाणार? त्यांनी भोगलं.” माझं डोकं फिरलं. अजून फिरतं.

त्याच तिरीमिरीत मी घोळ घातला. आपल्याकडे गडावर जाऊन झाडोरा काढतात ना, तशी वीसेक मराठी पोरं जमवली आणि तटावरची आयव्हीची वेल उपटायला लावली. परवानगी? कसली परवानगी! वेलीबरोबर तटाचा मोठा ढलपाच खाली आला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. गावातल्या म्हाताऱ्यांचं तिथलं रोजचं फिरणं बंद झालं, आमच्यामुळे.

मी मात्र तेव्हाही कुलपाविरुद्ध पत्रक काढायला निघाले! काका म्हणाले, “आधी माफीचं पत्र लिही. अर्धं पान. ‘परंतु’ न वापरता.” चार खर्डे फाडले मी...

ते पत्र घेऊन काका तट दुरुस्त करणाऱ्या पॉरिक गवंड्याकडे गेले. म्हणाले, “मी नुसती भूल देणारा. टाके घालायला तुम्ही शिकवा.” मग रीतसर परवानगी काढून, वर्षभर दर शनिवारी, तीन तास गाडी हाकत जाऊन त्यांनी चुना कालवला. मी कुरकुरत मागे. “दगड तू पाडलास, आता बसव,” एवढंच म्हणायचे.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात फाटक उघडलं. पहिल्या आत शिरल्या त्या काठी टेकत आलेल्या दोन आजीबाई. मी उरलेली शेवटची भेग घाईघाईने भरत होते, तर मागून आवाज, “हळू रे, हळू.” मराठीत! वळून पाहिलं, तर पॉरिक.

“तुमचा डॉक्टर वर्षभर मला हेच म्हणायचा,” तो म्हणाला. “अर्थ ठाऊक नाही. पण म्हटलं की चुना नीट बसतो.”

मी थापी सावकाश फिरवली.