विनंतीवरून बदली

आई माघात गेली, सांगलीला. फाल्गुनात बाबा आमच्याकडे कोलकात्याला आले. बरोबर दोन बॅगा होत्या. एकीत कपडे आणि दुसरीत ज्वारीचं पीठ, कारण तिकडे ज्वारी मिळत नाही असं त्यांना एसटीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं होतं. बाबांनी सगळी नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून केली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे माइकवरून सांगणारा तो आवाज त्यांचा. त्यामुळे एसटीतल्या माणसाचा शब्द त्यांना प्रमाण असतो, आणि माझा तपासून घ्यावा लागतो.

चपला काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "वर्षश्राद्धापर्यंत राहीन. मग मी सांगलीला."

सांगलीच्या फ्लॅटमध्ये ते एकटे काय करणार होते, देव जाणे. त्यांना गॅस पेटवता येत असे, पण पेटलेल्या गॅसवर पुढे काय ठेवायचं याची माहिती नव्हती. ते खातं आईकडे होतं. तेव्हा त्या वर्षी आमच्या घरात खरा प्रश्न एकच होता: वर्ष झाल्यावर बाबा कुठे राहणार?

मी वाचणारा माणूस आहे. घरात प्रश्न उभा राहिला की मी आधी त्यावरचं पुस्तक मिळवतो. पुस्तक संपेपर्यंत बायकोने प्रश्न सोडवलेला असतो. या खेपेला मात्र मी पुढाकार घ्यायचं ठरवलं. वार्धक्य आणि एकटेपण यांवरची दोन जाडजूड पुस्तकं वाचली आणि त्यांतून असा निष्कर्ष काढला की बाबांना नव्या परिसरात रस निर्माण झाला पाहिजे. म्हणून एका रविवारी त्यांना एस्प्लनेडला नेलं. माझं ऑफिस तिथेच आहे. सरकारी बँकेत अधिकारी असल्याने कुठल्याही इमारतीसमोर उभं राहून अर्धा तास बोलण्याची मला सवय आहे. मी खांबांच्या शैलीबद्दल बोललो, साम्राज्यांच्या उदयास्ताबद्दल बोललो. मागे वळून पाहिलं तर बाबा नव्हते. ते कोपऱ्यावर एका बसचा कंडक्टर दारात लटकून प्रवासी गोळा करत होता, त्याच्याकडे बघत उभे होते.

"वेळापत्रक नाही यांना," ते म्हणाले. "भरली की सोडतात."

 पुढे दोन महिने ते सॉल्ट लेकमध्ये, बँकेने आम्हाला भाड्याने घेऊन दिलेल्या घराच्या बाल्कनीत बसून राहिले. काही विचारलं की म्हणत, "हवा दमट आहे." हे खरंच होतं, त्यामुळे संभाषण पुढे सरकत नसे. कधी कधी माझी मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसायची. ती दहाव्या वर्षापासून इथे वाढलेली, तिचं मराठी बंगालीच्या शेजारी राहून थोडं बदललं आहे.

"आजोबा, चहा खाणार?"

"खाईन. चावायला लागेल का?"

एवढाच काय तो विनोद. मग पुन्हा दमट हवा.

या काळात मी एक थोर निर्णय घेतला. वृद्ध वडिलांच्या देखभालीसाठी महाराष्ट्रात बदली मिळावी, असा विनंती अर्ज केला. घरात कुणाला सांगितलं नाही. एक तर आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. दुसरं म्हणजे, आमच्या बँकेत विनंती अर्ज करणं हे नवस बोलण्यासारखं आहे. मन हलकं होतं आणि सहसा काही घडत नाही. अर्ज दिल्यावर मला आपण फार चांगला मुलगा आहोत असं वाटलं आणि दोन्ही पुस्तकं मी वाचनालयात परत केली.

आषाढाच्या सुमारास बायको एकदा बाजारातून तणतणत आली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिच्या विधानांना पुरावा असतो.

"बाबा मासळीबाजारात उभे होते. हातात पिशवी. पिशवीतून इलिशचं शेपूट बाहेर आलेलं."

बाबांनी उभ्या आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. ते आल्यावर मी विषय काढला.

"पिशवी माझी नव्हती," ते म्हणाले. "मी फक्त धरली होती."

पिशवी समोरच्या दुमजली घरातल्या दादांची होती. निवृत्त, एकटे गृहस्थ, मुलगा परदेशात. या घरात आल्यापासूनच्या तीन वर्षांत माझी त्यांची ओळख मान हलवण्यापलीकडे गेली नव्हती. ते गर्विष्ठ असावेत असं माझं मत होतं. बहुधा त्यांचंही माझ्याबद्दल तेच असावं, आणि त्यांच्या बाजूने पुरावा जास्त होता. बाबांना त्यांनी बाजारात नुसतं म्हटलं, "दादा, एक मिनिट धोरेगा?" आणि पिशवी हातात देऊन ते माशाच्या भावावरून घासाघीस करू लागले. बाबांनी ती धरली. तेव्हापासून रोज सकाळी दोघं बाजारात, मग मैदानाच्या कडेच्या टपरीवर मातीच्या कुल्हडातून लिंबू घातलेला कोरा चहा. दोघंही एकमेकांना दादाच म्हणत. कोण मोठा, हे त्यांनी मुद्दाम ठरवलं नव्हतं. बाबांची हिंदी बसस्थानकावरची, दादांची बंगाली वळणाची. एकमेकांना किती कळत होतं कोण जाणे, पण दोघांनाही घाई नव्हती.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, "त्यांचीही गेली. मागच्या दिवाळीत." आणि भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. आईबद्दल ते त्या वर्षात तेवढंच बोलले. तेही दादांच्या बायकोबद्दल.

भाद्रपदात गणपती आला नाही. वर्षाच्या आत सण नाही, हे बाबांनी आधीच बजावलं होतं. आम्हीही मान्य केलं. मग दुर्गापूजा जवळ आली आणि आमच्या वसाहतीतल्या ब्लॉकच्या पूजा समितीतले लोक घरी येऊन, समोरच्या दादांच्या सांगण्यावरून, बाबांना माइक सांभाळाल का म्हणून विचारू लागले. बाबा लगेच हो म्हणाले.

"बाबा, सण करायचा नव्हता ना यंदा?"

"सण त्यांचा आहे. मी फक्त माइक धरणार."

पिशवीच्या वेळचाच युक्तिवाद. तो तोडता येत नाही, मी प्रयत्न केला आहे.

अष्टमीला मंडपात एक छोटा समारंभ ठेवला होता. समारंभांची मला लहानपणापासून चीड आहे. शाल, पुष्पगुच्छ, 'दोन शब्द', सगळं कसं पोकळ असतं, यावर मी चांगलं तासभर बोलू शकतो. तरीही समितीने मला, बँकेचा अधिकारी म्हणून, व्यासपीठावर बोलावलं तेव्हा मी इस्त्रीचा कुर्ता घातला. गळ्यात उपरणं पडलं. ते मी सरळ करून घेतलं. दोन शब्दांसाठी मी चार पानं तयार केली होती, दोन संस्कृतींच्या मीलनावर. तिसऱ्या पानाच्या मध्याला आलो, आणि कर्ण्यातून माझ्या आवाजावर दुसरा एक आवाज चढला. तो आवाज मी लहानपणी सांगलीच्या स्थानकावर रोज ऐकलेला होता.

"भोग तयार है. महिला और बच्चे बायें बाजू से. कृपया धक्का मत दीजिए. सब को मिलेगा."

क्षणात समोरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी चौथं पान खिशात घातलं आणि रांगेत उभा राहिलो. उजव्या बाजूच्या. भोगाची खिचडी सुरेख होती. रांग अशी काही चालली होती की समितीतला एक जण मला म्हणाला, "तुमचे बाबा म्हणजे कमाल आहे हो." माझ्या भाषणाचा उल्लेख त्याने सौजन्याने टाळला.

त्यानंतर बाबांना ब्लॉकमध्ये नाव मिळालं. पोरं 'दादू', म्हणजे आजोबा, म्हणू लागली. कार्तिकात मुलीला सेक्टर फाइव्हमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली, तेव्हा मिठाई वाटायला बाबा निघाले आणि दुपारपर्यंत परतले नाहीत. प्रत्येक घरी चहा खावा लागला म्हणे.

आणि पौषात माझी बदली झाली. सोलापूरला, विनंतीवरून. बँकेच्या बदल्या उन्हाळ्यात निघतात. माझी मात्र कुणी न बोलावता हिवाळ्यात उगवली. ऑफिसात सगळ्यांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मागितलेलं मिळालेला माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता. मला अर्ज आठवायलाच थोडा वेळ लागला.

त्या संध्याकाळी जेवताना मी घसा साफ केला. हल्ली मी घसा साफ केला की घरचे भराभर जेवतात.

"आपण महाराष्ट्रात परत जातोय," मी म्हणालो. "सोलापूर. बाबांसाठी मागून घेतली बदली."

 बायकोने वाढायचा चमचा खाली ठेवला.

"विचारलंस कुणाला?"

"धक्का द्यायचा होता."

"बसला," ती म्हणाली. तिला शाळा मिळायला दोन वर्षं लागली होती. मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती.

"मी कधी म्हटलं तुला, बदली घे म्हणून?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, वर्षश्राद्धानंतर सांगलीला जाणार."

"फाल्गुनात म्हणालो होतो. आता पौष आहे."

ते आणखी रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "असो. तुझी नोकरी, तुझं घर. जिथे म्हणशील तिथे येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारात गेले नाहीत. कपाटावरून बॅग काढली आणि कपड्यांच्या घड्या घालत बसले. समोरचे दादा दाराशी पिशवी घेऊन थोडा वेळ थांबले आणि एकटेच गेले. मी खिडकीतून बघत होतो. माणसाला आपला पराक्रम सहसा इतका स्पष्ट दिसत नाही.

मी ऑफिसात जाऊन बदली रद्द करून मागितली. संबंधित साहेबांनी चष्मा काढून मला नीट न्याहाळलं. विनंती मान्य झाल्यावर ती मागे घेण्याची विनंती करता येत नाही, हा नियम त्यांनी मोठ्या गोडीने समजावून सांगितला. मग माझी प्रकृती बरी आहे ना, असंही विचारलं.

वर्षश्राद्धासाठी मी सांगलीची तिकिटं काढायला निघालो, तर बाबा म्हणाले, "कशाला? बराकपूरला गंगेचा घाट बघून ठेवलाय. दादांनीच दाखवला. शांत आहे."

कधी बघून ठेवला, विचारलं तर म्हणाले, श्रावणात. म्हणजे श्रावणातच त्यांनी ठरवलं होतं. त्या वेळी मी माझ्या अर्जावर समाधानी होऊन बसलो होतो.

तेव्हा आम्ही सगळे आणि दादा, सियालदहच्या बाजूने येणारी गाडी पकडून बराकपूरला गेलो. माघाची थंडी. मी उघड्या अंगाने, घसरणारं धोतर एका हाताने सावरत, गुरुजी सांगतील ते करत होतो. गुरुजी बंगाली होते, मंत्र ओळखीचे, उच्चार वेगळे. बाबा पायरीवर बसून पाण्याकडे बघत होते. सगळं आटोपल्यावर मी कुडकुडत त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"तिला पाणी आवडायचं," ते म्हणाले. "कृष्णेवर जाऊन बसायची. मला कधी सवड झाली नाही."

वरच्या पायरीवर दादा आमच्या सगळ्यांच्या चपला राखत उभे होते.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्ही इथेच राहा. या दोघीही राहतील. सोलापूरला मी जातो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आनंद झाला असेल तर तो त्यांनी धोतराच्या सोग्यासारखा चटकन आवरून घेतला.

"बँकेचं घर सोडावं लागेल ना?"

"बघू काहीतरी."

बोलणं मराठीत चाललं होतं, तरी दादांना कसं कळलं, कोण जाणे. ते वरून म्हणाले, "चिंता कीसका? ऊपर का घर खाली है. दादा ऊपर, हम नीचे."

तर असं सगळं मार्गी लागलं. वडील एकटे पडू नयेत म्हणून घेतलेल्या बदलीमुळे आमच्या कुटुंबातला एकच माणूस एकटा पडला, आणि तो मी. सोलापूरच्या खोलीत मला गॅस पेटवता येतो. त्यावर पुढे काय ठेवायचं, ते फोनवर विचारतो. फोन बहुतेक बाबाच घेतात.

"जेवलास का?"

"खिचडी केली."

"खाली लागली?"

"थोडी."

"आच कमी ठेवावी," ते म्हणतात. त्यांना हे दादांनी शिकवलं आहे. हल्ली दोघं मिळून दुपारी काहीबाही रांधतात म्हणे. "आणि येताना ज्वारीचं पीठ आण. तिकडे ज्वारी चांगली मिळते. इथल्या लोकांनाही भाकरी खाऊन बघायची आहे."

मागच्या आठवड्यात मी नवा विनंती अर्ज करायचं मनात घेतलं, कोलकात्याला परत जाण्यासाठी. इथले साहेब म्हणाले की स्वतःहून तिकडची बदली मागणारा माणूस त्यांच्या ऐकिवात नाही. पण या वेळी मी शहाणा झालो आहे. अर्ज करायच्या आधी मी बाबांना फोन केला आणि विचारलं, "येऊ का?"



"थांब," बाबा म्हणाले. "खाली घरमालकांना विचारून सांगतो."