पाहुण्यांपुढची गटचर्चा

बी.कॉम. झाल्यावर मी पुढं काय करणार, हा प्रश्न माझ्यापेक्षा मंगरूळपीरला जास्त पडला होता. विहारात रविवारची वंदना आटोपली की चपला शोधता शोधता कोणीतरी बाबांना गाठायचंच. बाबा पंचायत समितीत लिपिक. "प्रकरण प्रक्रियेत आहे" हे वाक्य त्यांनी आयुष्यभर इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की माझ्याबद्दलही त्यांनी सुरुवातीला तेच सांगून पाहिलं. पण लोक फायलीच्या बाबतीत जेवढा धीर धरतात, तेवढा पोरीच्या बाबतीत धरत नाहीत. शेवटी एका रविवारी बाबा वैतागून बोलून गेले, की ती एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत आहे.

मला हे ते घरी आल्यावर कळलं.

"आता कराच लागन तुले," बाबा सदऱ्याची बटणं काढत म्हणाले. "चार लोकाईत सांगून बसलो मी."

अशा रीतीनं माझ्या व्यवस्थापन शिक्षणाची सुरुवात झाली. आश्चर्य म्हणजे तयारीचा फायदा अभ्यासाच्या आधीच सुरू झाला. शेजारच्या गल्लीत राहणारी माझी आत्या तोवर माझ्यासाठी दोन स्थळं घेऊन आली होती. तिनं दोन्ही बाजूला ठेवली. मी पुस्तक उघडून बसले की आई टीव्हीचा आवाज कमी करायची. पुस्तक तसंच उघडं ठेवून मी मोबाइल पाहत असले, तरी आवाज कमीच राहायचा. एमबीए म्हणजे नेमकं काय, याबद्दल गल्लीत मतभेद होते. बीएच्या वरचं काहीतरी, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

आत्याला मात्र खरंखुरं कुतूहल होतं. भाजी निवडता निवडता ती मला प्रश्न वाचून दाखवायला लावायची. एकदा मी तिला नातेसंबंधांचा एक प्रश्न मराठीत करून सांगितला. एक बाई फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणते, की या माणसाची आई ही माझ्या आईची सासू आहे आणि त्या सासूला एकच मूल आहे; तर फोटोतला माणूस त्या बाईचा कोण? आत्यानं मेथीची जुडी खाली ठेवली.

"बापाले बाप म्हनाले एवढे आढेवेढे कायले?" ती म्हणाली. "बोलचाल बंद असन त्यायची."

मग त्या बापलेकीचं कशावरून बिनसलं असेल, याचा ती संध्याकाळपर्यंत विचार करत राहिली. पर्यायांमध्ये त्याचं उत्तर नव्हतं.

क्लास वाशीमला होता, एसटीनं तासाभराच्या अंतरावर. एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर. खालून कीटकनाशकाचा वास यायचा आणि दुपारनंतर तो इतका चढायचा, की टक्केवारीचा धडा संपता संपता आम्ही निम्मे गुंगलेले असायचो. दारावरच्या पाटीवर आधी इंग्रजी संभाषण होतं, त्यावर पोलीस भरती रंगवलेली होती, त्यावर तलाठी भरती, आणि सगळ्यांवर एमबीए. ऊन तिरपं पडलं की चारही एकदम वाचता यायचं. सर एकच होते. यातल्या सगळ्या परीक्षा त्यांनी स्वतः दिल्या होत्या. त्यातली एखादी ते पास झाले असते, तर आम्हाला सर मिळाले नसते.

गणितात सर जेमतेम होते, पण गटचर्चेत त्यांचा हात कोणी धरला नसता. आम्ही सहा विद्यार्थी. ते आम्हाला गोल बसवायचे, विषय द्यायचे आणि घड्याळ लावायचे. नियम तीन. पहिल्यांदा बोलेल त्याला जास्त गुण. गप्प बसलेल्याला बोलायला लावेल त्याला नेतृत्वाचे गुण. आणि शेवटी सगळ्यांच्या मतांचा सारांश सांगेल, तो निवडला गेलाच समजा. आम्ही आठवडेच्या आठवडे हेच केलं. मी घरातली सगळ्यात कमी बोलणारी, पण तिथं माझी जीभ सुटली. घड्याळ लागलं की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "या विषयाला दोन बाजू आहेत."

आम्ही देणार होतो त्या परीक्षेत गटचर्चा नसतेच, हे मला फार उशिरा कळलं. सरांना ते ठाऊक होतं की नाही, हे मी विचारलं नाही. क्लासातली तेवढी एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडत होती.

याच सुमारास आत्यानं कारंज्याचं एक स्थळ आणलं. परीक्षा संपेपर्यंत थांबायचं ठरलेलं होतं, पण मुलगा पुण्यात नोकरीला होता आणि सुटीवर आला होता, शिवाय नुसतं पाहायला काय जातं, असं तिचं म्हणणं. शनिवारी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई, काका आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली बहीण. आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलो. खुर्च्या कमी होत्या म्हणून बाबांनी त्या भिंतीला न लावता गोल मांडल्या, म्हणजे मधल्या स्टुलावरच्या पोह्यांपर्यंत सगळ्यांचे हात पोचतील. पुढं जे झालं त्याला या गोलाचा बराच हातभार लागला असं मला वाटतं.

नाव, शिक्षण, स्वयंपाक हे उरकलं. मग मुलाच्या काकांनी बशी खाली ठेवली, खाकरले आणि म्हणाले, "आता मुद्द्याचं. लग्न झाल्यावर पोरीनं नोकरी करावं का नाई?"

हा विषय आम्ही क्लासात तीनदा केला होता. दोनदा बाजूनं, एकदा विरोधात.

"या विषयाला दोन बाजू आहेत," मी म्हणाले.

काकांचा प्रश्न बाबांना होता. पण सरांनी शिकवलं होतं की सुरुवात केली की थांबायचं नाही. मी आर्थिक बाजू मांडली, सामाजिक बाजू मांडली, ग्रामीण आणि शहरी असा फरकही केला. काकांनी मध्येच तोंड घातलं, बाबांनी त्यांच्यावर आवाज चढवला, मुलाच्या वडिलांनी दोघांना समजावायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांसमोर ती खोली राहिलीच नाही. मला गोल दिसत होता, आणि त्या गोलात एकजण अजून काहीच बोललेलं नव्हतं.

"आपण एकेकानं बोलू या," मी म्हणाले. "काकूंना अजून संधीच मिळाली नाही."

मुलाची आई दचकली. पदर सारखा केला. नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे, मग आपल्या हातांकडे.

"मले मास्तरणीच्या कोर्सले नंबर लागला होता," ती म्हणाली. "अकोल्याले. तवा याच लोकाईनं असंच गोल बसून ठरवलं, का नाई जायचं. मले कोनं इचारलंच नोयतं."

आणि मग ती बोलत राहिली. आवाज चढवला नाही, कोणाला दोष दिला नाही. त्या वर्षी तिच्याबरोबर नंबर लागलेली मैत्रीण आता मुख्याध्यापक आहे, ती रस्त्यात भेटली की आपण दुकानात शिरतो, असं तिनं सांगितलं. मुलाची बहीण आईकडे टक लावून पाहत होती. हे तिनं कधी ऐकलं नसावं. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. तो त्या दुपारी एकूण दोनदा बोलला, दोन्ही वेळा पाणी मागायला.

ती थांबली. सारांश राहिला होता. मी तो सांगितला. एकंदर गटाचं मत नोकरीच्या बाजूनं दिसतं, मात्र निर्णय जिचा तिनं घ्यावा, असं मी म्हणाले. आत्यानं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे जे पाहिलं, त्याला गुण किती हे सरांनी शिकवलं नव्हतं.

पाहुणे लगेच उठले. निरोप आत्याच्याच मार्फत आला. पोरगी हुशार आहे, दिसायलाही बरी आहे, पण उद्या घरात रोज मीटिंग लावेल, असं काकांचं म्हणणं पडलं होतं. बाबांना वाईट वाटलं. आईनं उरलेले पोहे गरम करून वाढले. मला वाईट वाटलं का, तर वाटलं. नको असलेल्या स्थळानं नकार दिला तरी तो लागतोच.

आठवड्यानं मुलाच्या आईचा फोन आला. आमच्या घरच्यांनी नाही म्हटलं ते तुला माहीतच आहे, असं म्हणून तिनं तो विषय मिटवला. तिचं काम वेगळं होतं.

"माह्या पोरीले तुह्यासारखं बोलता आलं पायजे," ती म्हणाली. "त्या परीक्षेची तयारी तिच्याकडूनबी करून घेशीन का?"

ती मुलगी दर रविवारी कारंज्याहून एसटीनं यायला लागली. आत्याला हे अजिबात पटलं नाही. ज्या घरानं नाकारलं, त्या घरच्या पोरीनं आपल्याकडे जेवावं आणि वर वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागावी, हे कोणत्या शास्त्रात बसतं, असं ती विचारायची. पण पोरीला वाढायचीही तीच.

खरं सांगायचं तर माझा अभ्यास तेव्हा सुरू झाला. शिकवायचं म्हणून मी वाचायला लागले. पोरगी वीज होती. काळ-काम-वेगाचं उदाहरण मी कागदावर मांडेपर्यंत ती उत्तर सांगून मोकळी व्हायची आणि मग मला ते कसं आलं हे समजावून द्यायची. चार आठवड्यांत कोण कोणाला शिकवतं हे बाहेरच्याला सांगता आलं नसतं. इंग्रजी उतारे मात्र दोघींनाही सारखेच जड जायचे. कधी उतारा समुद्रातल्या माशांवर, कधी युरोपातल्या कुठल्या चित्रकारावर. उताऱ्यात कपाशीची पऱ्हाटी किंवा तूर कधीच आली नाही, नाहीतर आम्ही बाजी मारली असती.

परीक्षा अकोल्याला होती. आम्हा दोघींना घेऊन बाबा आणि तिची आई असे दोघे आले. गेटवर आमच्या कानातलं, पिना, हातातला दोरा सगळं काढायला लावलं. ते तिच्या आईनं रुमालात बांधून घेतलं आणि ती समोरच्या झाडाखाली जाऊन बसली. बाबा तिच्यापासून चार हात लांब उभे राहिले. नकार मिळालेल्या सोयऱ्यांनी किती लांब उभं राहायचं, याची रीत कोणालाच माहीत नव्हती. आम्ही बाहेर आलो, तेव्हा दोघं एकाच बाकावर बसून उसाचा रस पीत होते.

निकाल लागला. तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुण होते. तिला पुणं मिळालं, मला अमरावती. कारंज्यात तिच्या काकांनी पेढे वाटले आणि आमच्या घराण्यात व्यवस्थापनाचं डोकं पहिल्यापासूनच आहे, असं सांगितलं. बाबांना विहारात आता पोरीला नोकरी कधी लागणार असं विचारतात. प्रकरण प्रक्रियेत आहे, असं ते सांगतात.

अमरावतीच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी फळ्यावर "ग्रामीण ग्राहक" असं लिहिलं आणि हा ग्राहक कसा ओळखावा, असं विचारलं. अमरावती-नागपूरच्या पोरांनी पटापट उत्तरं दिली. तो भोळा असतो, स्वस्ताला हपापलेला असतो, त्याला छोटी पुडी लागते. मग प्राध्यापकांनी हजेरीपटात पाहिलं, माझ्या नावापुढचं गाव वाचलं आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, की आपल्यात एक ग्रामीण ग्राहक बसलेला आहे. सगळा वर्ग वळून माझ्याकडे पाहायला लागला.

मी उभी राहिले आणि सांगितलं, की आमच्या मंगरूळपीरला नगर परिषद आहे.

प्राध्यापकांनी फळ्यावर "ग्रामीण"च्या आधी कंसात "निम" लिहिलं आणि मला बसायला सांगितलं.